पाठमोरीची ओटी

६ नोव्हेंबर, बेस्तरवार

पोचली ना, पोचली! किती घाई तुमाले. बाई गाडीतून उतरली नाई का इचारणं सुरू. हो, डबा खाल्ला. हो, पिशवी बी सलामत हाय. जिते होते तवा कदी इचारलं नाई का चंदे, नीट पोचली का, अन् आता रोज इचारता. मेल्यावर माणूस सुधारते ते असं.

आता तोंडानं बोलणं बंद. दिराच्या सुनेनं घरभर केलं होतं का चुलतसासू एकटीच बडबडते, हिले दवाखान्यात दाखवा. म्हणून यापुढं तुमच्याशी लिहून बोलीन. कृषी केंद्रवाल्याची डायरी हाय, गेल्या सालची. तारीख खोडून नवी टाकते. सातवीपर्यंत शिकली ते आज कामाले आलं. अन् आधीच सांगून ठेवते, मी यात तुमचं नाव घेणार हाय. मोहनसिंग. मोहनसिंग. मोहनसिंग. जितेपणी घेतलं नाई. आता काय करसान, उठून येसान?

हेमला जऊळक्याच्या टेशनावर न्याले आली होती. ऑटो घेऊन, अन् हातात झेंडूचा हार! म्हटलं, हेमले, मी निवडून आली का वारली? तं ती मले पोटाशी धरून रडलीच. तुमाले सांगतलं होतं ना तिचं? आश्रमशाळेत माह्याच बाकावर बसायची, आमी एका ताटात जेवायचो. तिनंच एकदा मांगं जाऊन माही वेणी मांगच्या बाकाले बांधली होती. गुरुजीनं हाक मारली, मी उठली, तं मान कडकन मांगं. सारा वर्ग हसला. मी बी हसली. आता ती जाडी झाली, पायऱ्या चढताना इंजनासारखी फुंकते.

खोली देवळाले लागूनच हाय. पंखा हाय, गॅस हाय, नळ दारात. काम काय, तं देऊळ झाडणं, देवीले अंघोळ घालणं अन् एक टाइम निवद करणं. दिराच्या घरी याच्या चौपट काम होतं, टोमणे वरून फुकट.

देऊळ काळ्या दगडाचं हाय. चुना नाई, माती नाई, दगडावर दगड. एका रातीत उभं राह्यलं म्हणतात. अन् देवी कशी, तं दाराकडं पाठ, भिंतीकडं तोंड. नावच पाठमोरी. पाठीवर दगडाची वेणी, कमरेपर्यंत. मूर्तीच्या अन् भिंतीच्या मधात हात जाईन एवढीच फट, म्हणून तिचं तोंड कोणी पाह्यलं नाई. हेमलानं त्याची गोष्ट सांगतली. फार मांगं एक रांडमुंड बाई देवीची ओटी भराले आली, तं गावच्या सवाष्णीयनं तिले केसाले धरून बाहेर काढलं. तवा जात्यासारखी घरघर झाली अन् देवीनं गावाकडं पाठ केली. विहिरी आटल्या, लेकरं मेली. तवापासून इथं उलटं चालते. एक विधवा बाई देवीजवळ ठेवतात, तिले देवीची बाई म्हणतात, अन् साऱ्या सवाष्णी तिची ओटी भरतात.

मी म्हटलं, एवढ्या देवायत एक तरी अकलेची निघाली.

चहा घेऊन हेमलाची पोरगी आली, रेणू. चोवीस वर्साची हाय. तिचा नवरा सुरतेले करंट लागून गेला, साल झालं. मनगटं मोकळीच. पण पोरगी हसरी हाय, हसली का एकाच गालाले खळी पडते. मी हेमलाले इचारलं, घरातच पोरगी असता मले काहून बलावलं? हेमला म्हणे, तिचं वय काय देवळात बसायचं हाय? वाशीमचं एक स्थळ बोलून राह्यलं. खरंच हाय. पोरीचं पुन्हा लागलं पाह्यजे.

९ नोव्हेंबर, आयतवार

देवीची अन् माही दोस्ती झाली. रोज पाठ घासून देते मी तिची. तुमची कदी एवढी घासली नाई.

शेकडो वर्साची मूर्ती म्हणतात, पण घडवणारा भलता बारीक नजरेचा असन. उजवा खांदा जरा उतरलेला, घागरी वाहून वाहून बायायचा उतरते तसा. अन् डाव्या दंडावर दोन गोल खड्डे. आपल्या जुन्या बायायच्या दंडावर देवी टोचल्याच्या खुणा असतात ना, सेम तशा. मी म्हटलं, माय, तुले बी नर्सबाईनं पकडलं का? आमच्या शाळेत सुया टोचाले आले तवा मी संडासात लपली होती. हेमलानंच बोट दाखवलं. चाडीखोर कुठली.

देवळाचं सारं अमरसिंगभाऊ पाह्यतात. गावचे मोठे हायत, मिशीले मेंदी लावतात. सकाळी सकाळी येऊन खाली मान घालून उभे राह्यतात. आज मी म्हटलं, देवीनं पाठ काहून फिरवली ते आता समजलं, रोज पहाटे तुमचं तोंड पाहा लागते. त्याईची मिशी बी हालली नाई. रेणूले मात्र हसून हसून उचकी लागली.

माह्या आधी इथं जमनाबाई म्हणून बुढी होती. पुण्याले पोरीकडं गेली म्हणे. खोलीच्या फळीवर तिचा चष्मा हाय, दारात चपला हायत. मी हेमलाले म्हटलं, चष्म्याबिगर बुढीनं पोरगी कशी वळखली, अन् पुण्याले काय अनवाणी गेली? हेमला म्हणे, तुले सगळ्यातच गंमत सुचते. खरंच हाय, सुचते.

१४ नोव्हेंबर, सुक्करवार

आज तुमची बायको नवरी झाली. हसू नका.

सकाळीच अमरसिंगभाऊ म्हणे, आज बाईची ओटी हाय. गावच्या झाडून साऱ्या सवाष्णी जमल्या. माह्यासाठी हिरवं लुगडं आणलं. मालेगावहून अमीनाबी बांगडीवाली आली होती. माहे हात पाण्यात भिजवून, बोटं दाबून दाबून तिनं हिरव्या बांगड्या भरल्या.

तुमी गेले त्या दिवशी तुमच्याच बहिणीनं माहे हात दगडावर आपटले होते. एक काच आत रुतली होती, त्याची खूण अजून मनगटावर हाय. त्या खुणेवरून आज हिरवी बांगडी गेली. जरा बी दुखलं नाई.

अमीनाबी एकेक बांगडी चढवताना इचारे, खुशी से पहन रही ना, बहेन? मी म्हटलं, अमीनाबी, तू बांगड्या भरून राह्यली का निकाह लावून राह्यली? ती हसली नाई. अमरसिंगभाऊकडं पाह्यलं अन् पुढची बांगडी उचलली.

मंग हेमलानं कुंकू लावलं. दोनदा बोट चुकलं तिचं. म्हटलं, नीट लाव बाई, नाकावर जाईन. अमरसिंगभाऊनं नेम सांगतला. ओटी हसत घ्या लागते, रडत घेतलेली देवीले चालत नाई. अन् ओटीचे तांदूळ बाईनं एकटीनंच रांधून खायाचे, पुनवेच्या आत, शेवटच्या दाण्यापर्यंत. दुसऱ्या कोणाच्या तोंडी जाऊ द्याचे नाई. मी म्हटलं, भाऊ, मले हसाले सांगता? तुमच्या मिशा पाहूनच मले रोज हसू येते! अन् पदर पसरून खदखदा हसली. नारळ आला, खण आला, पसा पसा तांदूळ आले, पदर जड झाला. मी मोठ्यानं म्हटलं, घेतली, अजून हाय का?

एक बी बाई हसली नाई. हेमला भिंतीकडं पाहून राह्यली होती. रेणूले तं तिनं आज घराबाहेर बी पडू देलं नाई.

खोलीत येऊन रडली मी. आरशात कपाळ पाह्यलं. बारा घरची लगनं पाह्यली मी मांगच्या दारात उभी राहून, हळदीकुंकवाच्या दिवशी घरात लपून बसली. अन् आज ज्या बायायच्या वाटेत मी आडवी आली तं त्या थुंकल्या असत्या, त्याच माह्या पाया पडल्या. हे हेमलानं केलं माह्यासाठी. तुमी नाई, तुमच्या भावानं नाई. हेमलानं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गाव भल्तंच लाजरं हाय. ओटी झाल्यापासून कोणी माह्या तोंडाकडं पाहत नाई. समोरून आले का मान फिरवतात. दुकानदार साखर देते तं पाठ करून, हात मांगं करून. मी म्हटलं, का रे बादल, तुले बी देवीची लागण झाली का? पैसे न घेताच आत पळाला.

हेमला बी तशीच. ताक घेऊन आली अन् कडुनिंबाकडं पाहून बोलून गेली. इचारलं तं म्हणे, मान द्याची रीत हाय, देवीच्या बाईकडं डोळा वर करून पाहू नाई. एवढा मान मले झेपत नाई, बाप्पा.

एक रेणूच नेम मोडते. माय वावरात गेली का दुपारी येते, सरळ माह्या तोंडाकडं पाह्यते, मावशी मावशी करते. माह्या बांगड्या मोजते. मी म्हटलं, वाशीमवाला हो म्हणाला का तुह्या हातात बी येतीन. लाजली. खळी पडली.

२० नोव्हेंबर, अवस

आज पाठ घासताना देवीचा कान दिसला. डावा कान, भोक पडलेला. पह्यले तिथं निरा दगड होता, मले पक्कं आठवते. म्हणजे आठवते असं वाटते. उजेडाचा फरक असन. तुमी म्हणत होते ना, चंदीचं ध्यान नसते कुठं.

ओटीचे तांदूळ रोज मूठभर शिजवते. कसेही रांधा, चव दगड चाटल्यासारखी. जेवलं का अंग जड होते, भर दुपारी गार वाटते.

२३ नोव्हेंबर, आयतवार

कान नाई, गाल बी हाय. उतरलेला, बसका गाल. देवी वळून राह्यली, मोहनसिंग.

हात लावून पाह्यला. भिंतीशी आधी हात जाईन एवढी फट होती, आता खांदा जाते.

अमरसिंगभाऊले बलावून दाखवलं. ते खाली पाहून म्हणे, बाई, तुमची सेवा पावली. अन् गेले. त्याईनं मूर्तीकडं पाह्यलंच नाई. माह्याकडं बी नाई.

माही मान दोन रोजापासून आखडली. डाव्या बाजूले होतच नाई. बांगड्या काढून पाह्यल्या, साबण लावला, तेल लावलं. उतरत नाईत. फोडाले दगडावर हात आपटला तं दगडालेच चरा पडला.

रेणूनं मान चोळून देली. बरं वाटलं थोडं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अमीनाबी आली होती. टोपलं घेऊन फिरत फिरत, कोणी पाहत नाई पाहून माह्या खोलीत घुसली, दार लावलं अन् खाली बसून रडाले लागली. तिनं जे सांगतलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण माहं डोकं फिरून राह्यलं.

जमनाबाईले पोरगी नव्हतीच. पोटचं कोणीच नव्हतं. तिच्या हातात बी अमीनाबीनंच हिरवा चुडा भरला होता. डाव्या दंडावर दोन खुणा होत्या तिच्या, देवी टोचल्याच्या. उजवा खांदा घागरी वाहून उतरला होता.

मी रोज कोणाची पाठ घासत होती, मोहनसिंग?

देवीची बाई जुनी झाली का नवी द्या लागते म्हणे. नवीचं तोंड दिसाले लागते, मंग पुनवेले नवी भिंतीकडं फिरते. तिची पाठ होते. गावात घराघराची पाळी हाय. पाळीच्या घरात जी विधवा असन ती द्याची, नाईतं बदली आणाची. पण बदलीनं ओटी खुशीनं, हसत घेतली पाह्यजे. रडत घेतली तं लागत नाई.

यंदा पाळी हेमलाच्या घराची होती.

म्हणून चोवीस वर्साची पोरगी असताना मले बलावलं. म्हणून झेंडूचा हार. शाळेपासून तिले माहीत होतं ना का ही चंदी मेलं तरी हसन. माहं हसणंच इकलं तिनं.

अमीनाबीले म्हटलं, तू तवाच काहून नाई बोलली? म्हणे, बहेन, मी प्रत्येक बांगडीले इचारलं, अमरसिंग डोक्यावर उभा होता, माही रोटी याच गावात हाय. तिच्या जागी मी बी तेच केलं असतं का, माहीत नाई.

इचारलं, सुटका काय? म्हणे, शेवटचा दाणा जिच्या पोटात जाईन तिचंच तोंड. जमनाबाईनं तांदूळ पाखरायले टाकले, पाखरं शिवली नाईत. शेळीनं हुंगून सोडले. सवाष्णीच्या नरड्याखाली ते उतरत नाई. न खाता ठेवले तं पुनवेच्या दिवशी आपोआप तोंडात येतात म्हणे, दातात खडे यावे तसे.

अमीनाबी गेली. जाताना तिनं तेवढं माह्या तोंडाकडं पाह्यलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हेमलाच्या घरी गेली. चुलीपाशी भाकरी थापत होती, माह्याकडं पाठ. म्हटलं, हेमले, तोंड फिरव. नाई फिरवलं. म्हटलं, मले सारं समजलं. तिच्या हातातली भाकरी फाटली, तिनं पुन्हा गोळा केला, पुन्हा थापाले लागली.

मंग म्हणे, काय करू चंदे, पोटची पोरगी हाय. तिनं अजून काहीच पाह्यलं नाई. मी म्हटलं, अन् मी? मी काय पाह्यलं?

तं म्हणे, तुले मांगं-पुढं कोण हाय?

एवढंच. त्या भाकरीकडं पाहून बोलली.

मी म्हटलं, मांगं तू होती ना, हेमले. म्हणून तं वेणी बांधता आली तुले.

रडाले लागली. माह्यासाठी का सोतासाठी, इचारलं नाई. एका ताटात जेवलो आमी. तिचा उष्टा घास मी खाल्ला, माहा तिनं खाल्ला. ताप आला का एकमेकीच्या कपाळावर हात ठेवून निजायचो. मले वाटलं तिले मैत्रीण आठवली. तिले हसणारी रांड पाह्यजे होती.

येताना रेणू दारात होती. तिले काही माहीत नाई. म्हणे, मावशी, उद्या येऊ का जेवाले?

२७ नोव्हेंबर, बेस्तरवार

वाशीमची बस धरली. पिशवी घेतली, डायरी घेतली. नाल्याच्या पुलापर्यंत बरी होती. पुलावर गाडी चढली अन् मान मांगं ओढली कोणी — तशीच, बाकाले बांधल्यासारखी. तोंड देवळाकडं, अंग वाशीमकडं. हाड कडकड वाजलं. बाया वरडाले लागल्या. कंडक्टरनं उतरवून देलं.

पुलावरून मांगं पाऊल टाकलं तं मान सुटली.

पायी आली. गावात कोणीच इचारलं नाई का कुठं गेली होती. सारे पाठ करून उभे होते. त्याईले माहीत होतं मी येईन.

२८ नोव्हेंबर, सुक्करवार

देवीचं नाक दिसते. बाजूनं. माहंच हाय. तुमी चिडवायचे ना, भज्यासारखं. तेच.

दुपारी रेणू आली. जेवली. मान चोळून देली. माही आई तुमच्याशी भांडली का म्हणे. मी म्हटलं, नाई गं, जुनी थट्टा हाय आमची.

३० नोव्हेंबर, आयतवार

आज देवीकडं पाहाची हिंमत नाई झाली. आंधळ्यासारखी पाठ घासली. हाताले गाल लागला — उनाच्या दगडासारखा कोमट.

रेणू आली होती. हसत होती. तिले गोड आवडते.

१ डिसेंबर, सोमवार

मान वळली. डाव्या बाजूले. पुरी वळली, मोहनसिंग! कसं ते इचारू नका.

रेणू म्हणे, मावशी, रातीपासून मान आखडली माही. थंडीनं असन, म्हटलं मी.

थंडीनं असन.

२ डिसेंबर, मंगळवार

भांडे घासताना एक बांगडी उतरली. आपोआप. मंग दुसरी. मोरीत पडली, खळकन फुटली — साधी काच.

गाल पाह्यला. बसका नाई आता. भरलेला हाय. कवळा. नाक बी माहं नाई —

मी चुकून — नाई. तुमी पाहू नका माह्याकडं असं.

३ डिसेंबर, बुधवार

रेणू आली नाई. खिडकीतून पाह्यलं, हेमलाच्या दारात बाया जमल्या. पोरगी भिंतीकडं तोंड करून बसली म्हणे, हाका मारल्या तं वळत नाई. हेमला तिले धरून फिरवून राह्यली, दोघी तिघी ओढून राह्यल्या. अंग गार.

बाया माह्या खोलीकडं पाह्यतात आता. सरळ. कोणी मान फिरवत नाई. कारण देवीची बाई मी नाई राह्यली —

माह्या हातात एक बी बांगडी नाई. कपाळ पुसलं तं कुंकू पुसल्या गेलं. मले जाता येईन. पूल ओलांडता येईन. पिशवी भरली. पाय उचलत नाई. कोणी धरलं नाई, तरी उचलत नाई.

४ डिसेंबर, पुनव

भर दुपार. देऊळ आतून घरघरलं. जात्यासारखं.

गेली मी. पाह्यलं.

पुरं तोंड. समोर. हसून राह्यलं — एका गालाले खळी.

आतून आवाज आला. मावशी म्हणे. मावशी, मले वळता येत नाई.

हेमला चौकातून पळत येऊन राह्यली. रेणूचं नाव घेऊन. पदर खाली लोंबते. ती माह्या तोंडाकडं पाहून राह्यली, मोहनसिंग — ओटीपासून पह्यल्यांदा — सरळ डोळ्यात. तिले समजलं.

खोलीत येऊन दार लावलं मी. ती बाहेरून लाथा मारून राह्यली.

तुमाले एक सांगतलं नाई. रोज लिहिलं, तेवढं नाई लिहिलं. तुमी तरी नीट म्हणसान मले म्हणून. अमीनाबी गेली त्या दिवसापासून ओटीचा एक दाणा मी तोंडात घातला नाई. खीर केली. गूळ घालून, दगडाची चव लागू नाई म्हणून. विधवेच्या नरड्याखाली उतरते ते, अन् ती तं — रोज बलावलं मी तिले. जाणून. हेमलाले दाखवाले. मले चांगली समजून हसत हसत खायची पोरगी, अन् शेवटचा घास मी माह्या हातानं तिच्या